संगणकाच्या स्मृतीचा सातबारा

'संगणक सुरू कसा होतो?' या प्रश्नाला आपल्या पाठ्यपुस्तकांतून मिळणारे उत्तर साधारणपणे असे असते: वीज सुरू झाली की रॉममधील कायमची आज्ञावली जागी होते, ती यंत्राची तपासणी करते, डिस्कवरील ऑपरेटिंग सिस्टिम रॅममध्ये आणून ठेवते, तिच्या हाती सूत्रे देते आणि आपण बाजूला होते. हे उत्तर चुकीचे नाही. पण ते दोन प्रश्न न विचारताच पुढे जाते. पहिला प्रश्न: रॅममध्ये आणून ठेवायची म्हणजे नेमकी कुठे? कोणती जागा मोकळी आहे, हे कोण सांगते? आणि दुसरा: सूत्रे दिल्यावर जुनी आज्ञावली खरोखरच बाजूला होते का?

या दोन प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की संगणकाच्या रचनेतला एक फारसा चर्चेत न आलेला भाग समोर येतो. हा भाग चांगला बांधलेला आहे काय, याचे परीक्षण आम्ही येथे करणार आहोत. परीक्षण करायचे ते एका करारनाम्याचे. हा करार यंत्रासोबत येणारे फर्मवेअर आणि नंतर येणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, यांच्यातला आहे. विषय जागेचा आहे, त्यामुळे सातबारा, वहिवाट, ताबा हे आपल्या परिचयाचे शब्द येथे चांगले उपयोगी पडतात.

पत्ता आहे म्हणजे जागा आहे असे नाही

प्रथम एक गैरसमज दूर करू. प्रोसेसर ज्या पत्त्यांवर वाचू-लिहू शकतो ते सगळे पत्ते रॅमचेच असतात, असे विद्यार्थी गृहीत धरतात. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीत ८०८८ हा प्रोसेसर होता. त्याच्या पत्त्याला २० बिट, म्हणजे एकूण पत्ते २ चा २० वा घात, १०,४८,५७६. यालाच आपण १ एमबी म्हणतो. यातले पहिले ६४० केबी रॅमसाठी ठेवले होते. उरलेले ३८४ केबी पडद्याची स्मृती, जोडकार्डे आणि बायोसची रॉम यांच्या वाट्याला होते. वीज सुरू झाल्यावर ८०८८ आपली पहिली आज्ञा या १ एमबीच्या शेवटापासून फक्त १६ बाइट अलीकडच्या पत्त्यावरून उचलत असे. तेथे रॉम असे, आणि एवढ्याशा जागेत 'पुढे अमुक ठिकाणी जा' अशी उडीची आज्ञा असे. पुढे ३२ बिटांचा ८०३८६ आला तेव्हा हीच जागा ४ जीबीच्या शेवटाजवळ गेली. अंतर मात्र तेच, १६ बाइट.

म्हणजे पत्त्यांचा पट्टा हा एखाद्या गावाच्या शिवारासारखा असतो. काही जमीन पिकाची, काही गावठाण, काही ओढ्याखाली, आणि काही तर नुसती नकाशावरच. नव्याने आलेल्या कर्नलला यातले काहीच ठाऊक नसते. त्याने डोळे झाकून कुठेही लिहिले, तर ते रॅमऐवजी एखाद्या उपकरणाच्या नियंत्रणपेटीत जाऊन पडेल. म्हणून त्याला नकाशा हवा, आणि तो देण्याचे काम फर्मवेअरचे.

तोंडी उत्तरापासून लेखी नकाशापर्यंत

जुन्या बायोसमध्ये हे उत्तर एका आकड्याचे होते. '१ एमबीच्या वर किती केबी आहेत?' असे विचारले की १६ बिटांच्या एका रजिस्टरात संख्या मिळे. १६ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ६५,५३५. म्हणजे यंत्रात कितीही रॅम बसवली तरी या मार्गाने ६४ एमबीच्या पलीकडचे कळणेच अशक्य. वर्गात बिट आणि घातांक शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. उत्तराची चौकट लहान ठेवली की वस्तुस्थितीच लहान दिसू लागते, हे त्यातून छान कळते.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर आलेली 'ई८२०' ही सोय यापेक्षा पुष्कळच शहाणी होती. (हे विचित्र नाव म्हणजे बायोसला विचारणा करताना रजिस्टरात घालायचा सोळाच्या पायावरचा आकडा.) यात एक आकडा मिळत नाही, तर यादी मिळते. प्रत्येक नोंदीत जागेची सुरुवात, लांबी आणि प्रकार: १ म्हणजे वापरण्यास मोकळी, २ म्हणजे राखीव, इत्यादी. सुरुवातीला ८ बाइट, लांबीला ८ आणि प्रकाराला ४, म्हणजे एक नोंद २० बाइटची. हा झाला स्मृतीचा पहिला खरा सातबारा.

यातही दोष होते. नोंदी क्रमाने असतीलच असे नाही. कधी दोन नोंदी एकाच जागेवर हक्क सांगत. लिनक्सच्या कर्नलने यावर साधा आणि सुज्ञ नियम केला: आधी यादी क्रमाने लावायची, आणि एकाच जागेला कोणी मोकळी व कोणी राखीव म्हणत असेल तर ती राखीव धरायची. वादातल्या जमिनीवर घर बांधू नये, हे आपणही जाणतोच.

नव्या मानकाचे श्रेय

इंटेलने इटानियम प्रोसेसरच्या निमित्ताने बायोसला पर्याय म्हणून ईएफआय ही रचना तयार केली. २००० साली तिचे पहिले मानक आले आणि २००५ पासून अनेक कंपन्यांच्या मंचाकडे ते 'यूईएफआय' या नावाने गेले. टीका करण्याआधी या मानकाच्या दोन गोष्टींची मोकळेपणाने स्तुती केली पाहिजे.

पहिली गोष्ट किल्लीची. यूईएफआयमध्ये नकाशा मागितला की सोबत एक किल्ली, म्हणजे एक आकडा मिळतो. 'आता तुझे काम संपले, जागा सोड' असे फर्मवेअरला सांगताना हीच किल्ली परत दाखवावी लागते. मधल्या काळात कोणी थोडी जरी जागा घेतली किंवा सोडली असेल तर नकाशा शिळा झालेला असतो, किल्ली जुळत नाही आणि फर्मवेअर विनंती नाकारते. मग नकाशा पुन्हा मागायचा. शिळ्या कागदावर व्यवहार होऊ नये, याची ही उत्तम खबरदारी आहे.

दुसरी गोष्ट नोंदीच्या आकाराची. मानकानुसार एका नोंदीतील घटकांची बेरीज ४० बाइट होते. पण पुढे नोंदीत भर पडू शकेल म्हणून मानक म्हणते, एका नोंदीवरून दुसरीवर जाताना ४० वर विसंबू नका. फर्मवेअर जो आकार सांगेल तेवढेच पुढे जा. नियम लिहिला तरी तो पाळला जाईलच असे नसते. म्हणून 'टियानोकोअर' या खुल्या फर्मवेअरच्या लेखकांनी नोंदीचा आकार मुद्दाम ४० पेक्षा वेगळा, सामान्यतः ४८ बाइट, ठेवला. जो आळस करील त्याची चूक पहिल्याच चाचणीत उघडी पडावी! परीक्षेचा प्रश्न कसा काढावा याचा हा नमुनाच आहे.

नकाशा वाचायलाही नकाशा लागतो

कर्नल जागा झाला, नकाशाचा पत्ता त्याला मिळाला. आता वाचायला काय हरकत आहे? हरकत आहे. आजचा ६४ बिटांचा प्रोसेसर प्रत्यक्ष पत्त्यांवर थेट काम करत नाही. आज्ञावली वापरते तो आभासी पत्ता. त्याचे रूपांतर प्रत्यक्ष पत्त्यात करणारे तक्ते स्मृतीत असतात आणि हे रूपांतर ४ केबीच्या पानापानाने होते. ज्या पानाची तक्त्यात नोंद नाही ते पान प्रोसेसरच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. अगदी सुरुवातीला कर्नलच्या तक्त्यांत जवळजवळ फक्त कर्नल स्वतःच असतो. फर्मवेअरने दिलेला नकाशा दूर कुठेतरी पडलेला असतो. तो वाचायचा तर तक्त्यात नोंद हवी. नोंदीसाठी नवा तक्ता लागला तर त्याला मोकळी जागा हवी. आणि मोकळी जागा कोणती हे तर नकाशातच लिहिलेले!

हा पेच लिनक्सने व्यवहारी रीतीने सोडवला आहे. कर्नल बांधतानाच काही ठराविक आभासी पत्ते रिकाम्या खिडक्यांसारखे राखून ठेवलेले असतात. एक्स८६ यंत्रांवर अशा ८ खिडक्या असतात. प्रत्येकीतून ६४ पाने, म्हणजे २५६ केबी, दिसू शकतात. पाहिजे ती प्रत्यक्ष जागा तात्पुरती एका खिडकीसमोर आणायची, वाचायची आणि खिडकी परत करायची. स्मृतीची नीट व्यवस्था लागली की तोच नकाशा कायमच्या पत्त्यावर नव्याने बसवायचा. खिडक्या आठच असल्याने परत करण्याची शिस्त फार महत्त्वाची. कोणी विसरले तर पुढे कर्नल तशी इशाऱ्याची नोंद करतो. हा भाग आम्हांला निर्दोष वाटतो: साधन मर्यादित, नियम स्पष्ट आणि चूक लपत नाही.

सातबारा एक, वहिवाट दुसरी

आता दोषांकडे वळू. यूईएफआयच्या नकाशात काही जागा 'आरंभ-सेवांच्या' असतात. मानकाचे शब्द निःसंदिग्ध आहेत: सूत्रे हाती आल्यावर या जागा कर्नलच्या मालकीच्या झाल्या. लिनक्सने हे प्रमाण मानून त्या जागा वापरायला घेतल्या, आणि काही यंत्रे सुरू होतानाच थिजू लागली. तपासात दिसले की त्या यंत्रांतील फर्मवेअर, जागा सोडल्याचे सांगूनही, पुढच्या एका टप्प्यात त्याच जागेतील आज्ञा चालवत होते. कागदावर मालक बदलला होता; वहिवाट जुन्याचीच चालू होती.

२०११ साली, लिनक्सच्या ३.० आवृत्तीत, यावर तोडगा निघाला. कर्नलने आपल्या हक्काच्या या जागांना प्रथम हातच लावायचा नाही. तो धोक्याचा टप्पा पार पडला की मगच त्या ताब्यात घ्यायच्या. सोसण्याची जबाबदारी अशी ज्याची चूक नाही त्याच्यावर आली. कोणी म्हणेल, चूक फर्मवेअरची, मग कर्नलने का वाकावे? उत्तर सरळ आहे: यंत्र विकून झालेले असते, त्यातले फर्मवेअर बदलणे सामान्य माणसाच्या हातात नसते, आणि संगणक सुरू झाला नाही तर तो दोष नव्याने घातलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमलाच देतो.

एकदाच मिळणारी संधी

तो धोक्याचा टप्पा कोणता, हे पाहिले की मानकाचा खरा कच्चा दुवा सापडतो. फर्मवेअर पूर्णपणे बाजूला होत नाही. घड्याळ लावणे, यंत्र पुन्हा सुरू करणे, कोणत्या डिस्कपासून सुरुवात करायची यांसारख्या नोंदी जपणे, ही कामे ते नंतरही करते. त्याच्या या 'चालू-सेवा' स्मृतीत कायम राहतात. फर्मवेअर मात्र प्रत्यक्ष पत्त्यांवर वाढलेले, आणि कर्नल राहतो आभासी पत्त्यांच्या जगात. फर्मवेअरच्या पोटात पत्ते लिहिलेल्या असंख्य चिठ्ठ्या असतात, ज्यांना आपण पॉइंटर म्हणतो. त्या सगळ्या आता निरुपयोगी ठरणार.

यावर मानकाने योजलेला उपाय असा: कर्नलने फर्मवेअरला एक यादी द्यायची, 'तुझी अमुक जागा यापुढे तमुक आभासी पत्त्यावर दिसेल', आणि फर्मवेअरने आपल्या पोटातल्या सगळ्या चिठ्ठ्या त्याप्रमाणे बदलून घ्यायच्या. ही यादी यंत्राच्या एका आरंभात एकदाच देता येते. चुकली तर दुरुस्ती नाही.

आमचा पहिला आक्षेप या 'एकदाच'वर आहे. लिनक्समध्ये एक कर्नल चालू असताना, यंत्र बंद न करता, दुसऱ्या कर्नलच्या हाती सूत्रे देता येतात. पहिला कर्नल कोसळला तर त्याच्या स्मृतीची प्रत वाचवण्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. पण दुसरा कर्नल येतो तेव्हा फर्मवेअरच्या चिठ्ठ्या पहिल्याने सांगितल्याप्रमाणे बदलून बसलेल्या असतात. २०१४ सालच्या ३.१४ आवृत्तीत यावर उपाय आला: फर्मवेअरसाठी आभासी पत्त्यांचा ६४ जीबीचा एक ठरलेला पट्टा राखायचा, आणि पहिल्या कर्नलने ठरवलेले पत्ते दुसऱ्याला वारशाने द्यायचे. उपाय चालतो, पण आपले घर कुठे बांधायचे हे नव्याला जुन्याच्या कागदांवरूनच ठरवावे लागते.

दुसरा आक्षेप असा की हे काम फर्मवेअरने नीट केले की नाही, हे बाहेरून कळण्याचा मार्गच नाही. एखादी चिठ्ठी बदलायची राहिली तर सेवा बोलावल्यावर यंत्र कोसळते तेव्हाच कळते. असे घडतेच, हे गृहीत धरून एक्स८६ वरील लिनक्स फर्मवेअरची प्रत्येक जागा दोनदा दाखवतो: एकदा नव्या पत्त्यावर आणि एकदा जुन्या प्रत्यक्ष पत्त्यावर. राहिलेली जुनी चिठ्ठीही मग योग्य दारी पोहोचते.

जुन्या पत्त्यावर दाखवूनच काम भागत असेल तर बदलण्याचा खटाटोप कशाला? हा प्रश्न रास्त आहे, आणि मानकाच्या बाजूने जे म्हणता येते तेही सांगितले पाहिजे. जुने पत्ते तसेच ठेवायचे तर प्रत्येक सेवेच्या वेळी वेगळे तक्ते लावावे लागतात, आणि त्यात वेळ जातो. ३२ बिटांच्या यंत्रांत तर सगळे पत्ते मिळून ४ जीबीच. तेथे ही अडचण अधिक होती. पण घड्याळ लावणे किंवा आरंभाची नोंद बदलणे ही कामे दिवसातून किती वेळा होणार? वाचणारा वेळ किरकोळ आणि पत्करलेला धोका मोठा, असाच हा सौदा आहे. एआरएम प्रोसेसरांच्या जगानेही तोच कौल दिला. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या काही लॅपटॉपवर ही यादी देताच यंत्र कोसळत असे, म्हणून २०१९ साली लिनक्समध्ये यादीच न देण्याची सोय आली. २०२२ साली तर ६४ बिटांच्या एआरएमसाठी जेथे शक्य तेथे यादी टाळणे हेच नेहमीचे धोरण झाले.

चांगला हेतू, अपुरा शब्द

तिसरे उदाहरण सर्वांत शिकवणारे आहे. फर्मवेअरच्या एका भागाच्या आज्ञा आणि त्याची माहिती पूर्वी नकाशात एकाच नोंदीखाली येत. त्यामुळे त्या सगळ्या जागेला 'लिहिता येते' आणि 'चालवता येते' असे दोन्ही हक्क द्यावे लागत, आणि हे सुरक्षिततेच्या दृष्टीने वाईट. जेथे लिहिता येते तेथेच आज्ञा चालवता आल्या, तर घुसखोराचे काम सोपे होते. २०१५ साली आलेल्या यूईएफआय २.५ ने या जागेचे तुकडे पाडून वेगवेगळ्या नोंदी करण्याची सोय दिली. हेतू अगदी योग्य.

पण आज्ञा आपल्या माहितीचा पूर्ण पत्ता नेहमी लिहीत नाहीत. 'येथून इतके बाइट पुढे' असे अंतर सांगतात. तुकडे वेगळे झाले तरी त्यांच्यातले अंतर तेच राहिले पाहिजे, ही अट कोणी स्पष्ट लिहिली नव्हती. लिनक्स आपल्या पट्ट्यात पत्ते वरून खाली देत असे, त्यामुळे नकाशात आधी येणारा तुकडा वर आणि नंतरचा खाली, असा क्रमच उलटा झाला. अंतर चुकले, आज्ञा भलत्याच जागी गेल्या आणि यंत्रे सुरू होताना कोसळली. त्याच वर्षी सप्टेंबरात लिनक्सने वाटपाचा क्रम फिरवला. २०१६ सालच्या यूईएफआय २.६ ने अधिक समंजस मार्ग काढला: मूळ नकाशा अखंड ठेवायचा आणि कोणत्या तुकड्याला कोणते हक्क, हे वेगळ्या तक्त्यात द्यायचे.

येथे फर्मवेअरने मानक मोडले नव्हते, कर्नलनेही मोडले नव्हते. दोघेही अक्षरशः नियमाने वागले आणि यंत्र कोसळले. न लिहिलेले गृहीतक हाच खरा गुन्हेगार होता.

पणाला काय लागले आहे

हा सारा तज्ज्ञांचा अंतर्गत मामला आहे, असे वाचकांना वाटू शकेल. २०१३ सालची घटना पाहावी. सॅमसंगचे काही लॅपटॉप यूईएफआय पद्धतीने लिनक्स सुरू केल्यावर कायमचे बंद पडल्याच्या तक्रारी जानेवारीत पुढे आल्या. संशय आला तो जुन्या बायोसच्या जागेत खुणा शोधणाऱ्या एका लिनक्स ड्रायव्हरवर, आणि यूईएफआय यंत्रांवर तो बंदही केला गेला. पण फेब्रुवारीत मॅथ्यू गॅरेट यांनी दाखवून दिले की मूळ कारण वेगळे होते: फर्मवेअरच्या नोंदींची साठवण फार भरली की यंत्र सुरूच होत नसे, आणि विंडोजमधून नोंदी भरल्या तरी तेच होई. म्हणजे नुसत्या लिखाणाने महागडी वस्तू निकामी होऊ शकत होती, आणि आळ मात्र भलत्यावर येत होता.

आमचा एकंदर निष्कर्ष असा. नकाशा देण्याच्या बाबतीत या मानकाने मोठी प्रगती केली. किल्ली आणि नोंदीचा आकार या दोन गोष्टी आदर्श म्हणाव्यात. ज्या जागी मात्र त्याने एका आज्ञावलीला दुसरीच्या पोटातले पत्ते बदलायला लावले, तेही एकदाच आणि तपासण्याची सोय न ठेवता, तेथे करार कच्चा राहिला. कराराची कसोटी तो पाळल्यावर काय होते यापेक्षा मोडल्यावर लगेच कळते की नाही, ही असते. पहिल्या दोन तरतुदी त्या कसोटीला उतरतात, तिसरी नाही.

शिक्षकांना यातून वर्गासाठी बरेच काही घेता येईल. शाळेत लिनक्सचा संगणक असेल तर आरंभाच्या संदेशांत 'बायोस-ई८२०' अशा ओळी विद्यार्थ्यांना शोधायला सांगाव्यात. एक्स८६ च्या यूईएफआय यंत्रावरही त्या दिसतात, कारण लिनक्स नव्या नकाशाचे रूपांतर जुन्या पद्धतीच्या यादीत करून घेतो. 'मोकळी' म्हणून दाखवलेल्या जागांची बेरीज करायला लावावी आणि ती बसवलेल्या रॅमपेक्षा कमी का भरते, हे विचारावे. हे गणित सोळाच्या पायावरच्या वजाबाकीचे आहे. आठवी-नववीच्या मुलांना ते जमते. आणि पुस्तकातले ते वाक्य शिकवताना 'बाजूला होते' याऐवजी 'मोठा भाग सोडते, थोडा भाग मागे ठेवते' असे सांगावे. एवढ्या एका दुरुस्तीने विद्यार्थ्याच्या मनात पुढचा प्रश्न आपोआप उभा राहील: मागे राहिलेला तो भाग कुठे असतो, आणि त्याच्यावर देखरेख कोणाची?